आईचा जुना ओटा मोडून मगच फ्लॅट विकायला काढावा का?

मोगरा

नमस्कार मंडळी. कर्वेनगरमधला माहेरचा फ्लॅट विकायचा आहे. १९९१ ची सोसायटी, तीन मजले, लिफ्ट नाही, आमचा दुसरा मजला. वन बीएचके, कार्पेट ४९० फूट. बाबा आधीच गेले, आई गेल्या मार्गशीर्षात. आता फ्लॅट माझ्या आणि दादाच्या नावावर आहे. दादा न्यू जर्सीला असतो, त्यामुळे किल्ली माझ्याकडे आणि धावपळही माझीच.

अडलंय ते स्वयंपाकघरापाशी. काळ्या कडाप्प्याचा ओटा, खाली उघडे कप्पे, ओट्यावर दोन फूट पांढऱ्या टाइल्स आणि त्याच्या वर ऑइलपेंट. सिंक इतकं लहान की कुकर आडवा करून घासावा लागतो. ओट्याची उंची २९ इंच. आई चार फूट दहा इंच होती. बाबांनी तिला गवंड्यासमोर उभं केलं, तिच्या कोपराखाली वीतभर माप धरलं आणि तेवढाच ओटा बांधून घेतला. मी तिथे पोळ्या लाटायला उभी राहिले की अर्ध्या तासात कंबर भरून येते. शेगडीच्या उजव्या हाताला कडेचे टवके उडालेत, आई नारळ तिथेच फोडायची.

एजंट म्हणतात, "ताई, किचन बघूनच लोक परत जातात. ट्रॉल्या करून घ्या, तीन-चार लाख जास्त मागता येतील." दादाचंही तेच म्हणणं, तिकडे घर विकायच्या आधी किचन नवं करतात म्हणे. कोटेशन आणलं: ग्रॅनाइटचा ओटा, ट्रॉल्या, वरची कपाटं, छतापर्यंत टाइल्स, चिमणी, सगळं मिळून ३ लाख १५ हजार. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे पावणेचार लाखांच्या घरात, आणि प्लंबिंग त्यात धरलेलंच नाही.

दादा निम्मे पैसे द्यायला तयार आहे. मला मात्र पटत नाहीये. पण ते व्यवहार म्हणून पटत नाहीये, की त्या ओट्यात जीव अडकलाय म्हणून, हेच मला उमगत नाहीये. ज्यांनी असं जुनं घर विकलंय किंवा घेतलंय, त्यांनी अनुभव सांगा.

डोंबिवलीकर

ताई, आम्ही हे केलं आणि पस्तावलो. २०२२ मध्ये सासऱ्यांचा फ्लॅट विकताना किचनला २ लाख ६० हजार घातले. तीन आठवड्यांचं काम सात आठवडे चाललं. त्या काळात एक गिऱ्हाईक अगदी पैसे घेऊन तयार होतं, ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेलं. पुढे ज्यांनी घेतला त्यांना वास्तूप्रमाणे पूर्वेकडे तोंड करून स्वयंपाक हवा होता, आमची शेगडी उत्तरेच्या भिंतीला. पंधरा दिवसांत ट्रॉल्या उतरवल्या. भावही त्यांनी बिल्डिंगमध्ये आधी झालेल्या व्यवहारावरूनच ठरवला होता, किचनचा एक रुपया वेगळा धरला नाही. घरातल्या बाईचं स्वयंपाकघर तिच्या हाताच्या सवयीचं असतं, ते दुसऱ्या कुणी आधी ठरवून देता येत नाही.

निवृत्त_स्थापत्य

ओट्याचं नंतर बघा, आधी ओट्याखाली बघा. ३४ वर्षं बांधकामावर काढली आहेत म्हणून सांगतो.

त्या काळातल्या फ्लॅटमध्ये बहुधा सिंकचा पाइप जमिनीतल्या नहाणी ट्रॅपवर, म्हणजे जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यावर, मोकळाच सोडलेला असतो. ट्रॅपच्या गळ्याभोवतीचं सिमेंट वर्षानुवर्षं साबण आणि गरम पाणी खाऊन सुटतं. तुमच्या घरात काहीच दिसत नाही, खालच्यांच्या छताला मात्र पोपडे येतात. परीक्षा सोपी आहे. सिंकला बूच लावा, काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. असं पाच-सहा वेळा करा. मग खालच्या घरात जाऊन छताला हात लावून बघा. ओल आली तर निचऱ्यात दोष आहे. नाही आली, पण डाग जिवंत आहे, तर भिंतीतले पाण्याचे पाइप तपासा. १९९१ चे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असतील तर आतून गंजून निम्मे बुजलेले असतात, नळाची धारच ते सांगते. गळती कळायला घरातले सगळे नळ बंद ठेवून पाण्याचा मीटर फिरतो का ते पाहा. वेगळा मीटर नसेल तर दोन दिवस त्या लाइनचा कॉक बंद करून डाग सुकतो का बघा.

गळक्या पाइपांवर नवा ग्रॅनाइट बसवलात तर वर्षभरात तोच ओटा फोडावा लागेल, आणि तेव्हा नव्या मालकांचा फोन तुम्हालाच येईल.

आणखी एक. सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा आहे का? असेल तर किचनवर एक पैसाही घालू नका. घेणारा तिथे पुढची जागा बघतो.

नवं_बिऱ्हाड

घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. आम्ही गेल्या वर्षी कोथरूडला १९८९ चा फ्लॅट घेतला. अकरा फ्लॅट पाहिले. त्यातले तीन ताजे चकाचक केलेले होते आणि तिथेच मला भीती वाटली, की नव्या टाइल्समागे काय झाकलंय? एकात ट्रॉलीचा खण ओढला तर मागच्या प्लायला ओलसर वास. जो घेतला त्याचा ओटा तुमच्यासारखाच होता, पण मालकीणबाईंनी स्वतःहून सिंकखालचा पडदा बाजूला करून नवा पाइप दाखवला, प्लंबरचं बिल दाखवलं. बँकेच्या व्हॅल्युअरने कार्पेट मोजलं, इमारतीचं वय विचारलं, कागद बघितले. किचनच्या दारातून एक नजर टाकून निघून गेला. म्हणजे तुमचे पावणेचार लाख आमच्या कर्जात कुठेच धरले गेले नसते, ते आम्हाला रोख उभे करावे लागले असते.

हिशेबनीस

भाऊ अनिवासी आहेत हे वाचून थांबलो. किचनपेक्षा तिकडे आधी लक्ष द्या. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर तुमच्या हिश्श्यावर घेणारा १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कर, कापतो. भावाच्या हिश्श्यावर हा नियम नाही. तिथे कपात कितीतरी जास्त होते, तीही नफ्यावर नाही तर विक्रीच्या रकमेवर. आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र हवं असेल तर व्यवहाराआधी अर्ज करा, त्यात वेळ जातो.

वडिलांनी १९९१ ला घेतलाय, म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य मूळ किंमत धरता येईल, रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, मर्यादेत. नफ्यावरचा कर तुम्हाला बहुधा १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशन (महागाईनुसार वाढवलेली मूळ किंमत) धरून २० टक्के, यातलं कमी बसेल ते; सीएंकडून खात्री करून घ्या. भावाला फक्त १२.५. पाइप, टाइल्स, ओटा अशा पक्क्या कामाचा खर्च सुधारणा म्हणून वजा मागता येतो, पण बिल हवं आणि पैसे बँकेतून गेलेले असले तर बरं. रंगकाम आणि डागडुजी सहसा धरत नाहीत.

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सिंक सहा वेळा भरून सोडलं. सातच्या सुमाराला खालच्या काकूंकडे गेले. त्यांच्या छतावर थाळीएवढा डाग होता, हात लावला तर बोटं ओली झाली. काकू म्हणाल्या, "दोन वर्षं झाली गं. तुझी आई आजारी होती, तिला कशाला सांगायचं म्हणून गप्प बसले." मला रात्री झोप लागली नाही.

आता ठरलंय. ट्रॅप, निचऱ्याचा पाइप आणि किचनची पाण्याची लाइन बदलायची, बिलासकट २१ हजार. काकूंचं छत खरवडून रंगवून द्यायचं. ऑइलपेंटवर साधा पांढरा हात, नवी ट्यूब, एक्झॉस्ट फॅन. कप्पे मी रिकामे करून धुतले. ओटा आहे तसाच राहील. दादाला फोनवर डागाचा फोटो दाखवला, तो तेवढ्यावरच गप्प झाला. टीडीएसचं त्याला माहीतच नव्हतं, त्याने आज सीएंशी बोलून घेतलं.

रविवारी एक जोडपं येऊन गेलं. बाईंनी पर्समधून टेप काढून ओटा मोजला आणि सरळ म्हणाल्या, "मला ३४ लागेल, हा मोडावा लागणार." मला वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं नाही वाटलं. टोकन अजून व्हायचंय. पण त्यांना विचारून ठेवलंय की मोडाल तेव्हा शेगडीच्या उजवीकडचा दोन फूट तुकडा नीट कापून मला द्याल का. हो म्हणाल्या. माझ्या बाल्कनीत तुळशीखाली बसेल, जागा मोजून आलेय.