दोननंतर ढोलकी उतरते, ऑक्टोपॅड दम टाकतो. काय करावं?

झाडीचा_ठेका: राम राम मंडळी. शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) नाटक असतेच. मंडप तीन बाजूंनी उघडा, पडदा दहा-साडेदहाला, शेवट पहाटे. दोनच्या पुढे ढोलकीच्या शाईचा (काळा थर असलेल्या बाजूचा) सूर एवढा उतरतो की ऑर्गनशी जुळतच नाही. त्यात जनरेटरवर फोकस चालू-बंद केला की ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, एसपीडी-20) मरतो, मग आपोआप सुरू होतो. ऐन लावणीत! कधी न मारताच एखादा पॅड वाजतो. हंगाम होळीपर्यंत आहे, उपाय सांगा जी.

वडसा_वादक: भाऊ, ढोलकीचं कारण दव. कातडं ओलावा ओढते, सैल पडते, सूर खाली येतो. नट आवळायचे तर समोरासमोरचे, एका वेळी पाव फेरा. ओळीनं आवळत गेलात तर पुडी (तोंडावरचं कातडं) एका अंगाला ओढल्या जाते. आणि रात्रभर आवळलेली ढोलकी तशीच पेटीत टाकू नका. सकाळी ऊन लागलं की तेच कातडं आकसते आणि पुडी काठाशी फाटते. पडदा पडल्याबरोबर सगळे नट एकेक फेरा ढिले करा, घरी जाऊन नाही, तिथंच.

दोन ढोलक्या ठेवा. एक वाजती, दुसरी विंगेत ब्लँकेटमध्ये. अंक बदलला की ढोलकी बदला. धुमाचा (जाड आवाजाच्या बाजूचा) मसाला, म्हणजे लेप, थंडीनं कडक होतो, आवाज कोरडा येतो. मसाला आतून असतो, म्हणून बाहेरून तळहातानं चांगली चोळा. फायबरची पुडी दवाला भीत नाही, पण लावणीत टणक वाजते. मला तरी पटत नाही.

पाना_नंबर_दहा: ढोलकी हॅलोजनच्या दिव्यावर शेकणाऱ्यांनो, दोन हात लांब धरा बाप्पा. शाई तापली की भेगा पडतात, खपली उडते. मग पाना काय कामाचा?

तार_आणि_ठोका: ऑक्टोपॅडचं दुखणं व्होल्टेजचं आहे. फोकस लागला की जनरेटर क्षणभर दबतो, अडॅप्टर 9 व्होल्ट देऊ शकत नाही. कॉम्प्युटरचा 600 व्हीएचा यूपीएस घ्या, त्यावर फक्त ऑक्टोपॅड लावा. पॅडला वीज अगदी कमी लागते. अडॅप्टरची पिन ढिली असली तरी हेच लक्षण दिसते, म्हणून वायरीचा एक वेढा स्टँडला बांधून ठेवा.

जादा अडॅप्टर घेताना 9 व्होल्ट आणि पिनेच्या आत निगेटिव्ह, दोन्ही पाहा. वायफाय राउटरचा बहुधा 12 व्होल्टचा, आत पॉझिटिव्ह असतो. तो लावाल तर मशीन जाईल.

आपोआप वाजतो तो फळ्यांचा स्टेज हादरल्यानं. बेसचा डबा (स्पीकर) त्याच फळीवर असेल तर उचलून जमिनीवर ठेवा, स्टँडच्या पायांखाली जाड फोम घाला. तरी थांबला नाही तर त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी थोडी कमी करा. एकदम कमी केली तर हलके बोल निघत नाहीत.

झाडीचा_ठेका: यूपीएसवर घूंऽऽ आवाज आला तर?

तार_आणि_ठोका: आधी यूपीएसची पिन काढून बॅटरीवर वाजवून पाहा. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा. शेतात जनरेटरला बहुतेक अर्थिंगच नसते. साऊंडवाल्याला जनरेटरशेजारी सळई ठोकायला लावा, भोवतीची माती ओली ठेवायला सांगा. तेवढा वेळ नसेल तर ऑक्टोपॅड आणि मिक्सरच्या मधे डीआय बॉक्स (सिग्नल जुळवणारी छोटी पेटी) घालून ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नल वायरीचं अर्थिंग तोडायचं, बटण दाबा.