2020 मध्ये मागणी पडली, मग 2022 मध्ये महागाई का भडकली?

शुभा_क
मी बारावीला अर्थशास्त्र शिकवते. एका विद्यार्थिनीने विचारलं, महामारीत सगळं ठप्प होतं तर भाव उतरायला हवे होते ना? उलट जून 2022 मध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. 'सरकारांनी पैसे वाटले' हे उत्तर मला अपुरं वाटतं. प्रत्यक्ष मालाशी संबंध असलेलं कुणी सांगेल का?

डबेवाहतूक
मी समुद्री मालवाहतुकीची बुकिंग करतो, तेव्हाही करत होतो. तुमच्या विद्यार्थिनीचं बरोबर आहे, आधी भाव पडलेच. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढे माल देण्याचा आधीच ठरलेला सौदा, पिंपामागे उणे 37.63 डॉलरवर बंद झाला! तेल साठवायला जागा मिळेना, म्हणून विकणाराच वर पैसे देत होता.

पुढे प्रवास, हॉटेल, सिनेमाचे पैसे लॅपटॉप आणि फर्निचरकडे वळले. केस कापायला कंटेनर लागत नाही, टेबल पाठवायला लागतो. आशियातून भरून गेलेले डबे, म्हणजे हेच कंटेनर, अमेरिकेत अडकले, कारण बंदरात कामगार आजारी, ट्रकचालक कमी, गोदामं तुडुंब. रिकामे डबे परतच येईनात. शांघाय ते लॉस एंजेलिस 40 फुटी डब्याचं भाडं महामारीआधी दोन हजार डॉलरच्या आसपास असायचं, 2021 मध्ये ते दहा हजारांच्या वर गेलं. दर सांगितला की फोनवर समोरचा गप्पच व्हायचा. महाग मालाला ते भाडं पेललं. पण स्वस्त आणि जागा खाणारा माल पाठवणारे छोटे कारखानदार बाजारातूनच बाहेर फेकले गेले, आणि जो माल निघालाच नाही त्याची नोंद महागाईच्या आकड्यात कशी होणार? हे मला आजही फार लागतं.

सुटे_भाग
चिपचंही तसंच. 2020 मध्ये गाड्यांच्या कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, चिप कारखान्यांची ती क्षमता संगणक-फोनवाल्यांनी घेतली. मागणी परतली तेव्हा गाडीवाले रांगेत शेवटी. चिप तयार व्हायलाच काही महिने लागतात, त्यामुळे नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्या गाड्यांचेही भाव चढले.

शुभा_क
धन्यवाद, दोघांचंही वर्गात सांगते. मग पैसे वाटण्याचा परिणाम नव्हताच का?

डबेवाहतूक
होता ना. अमेरिकेने मार्च 2020 मध्ये सुमारे 2.2 लाख कोटी डॉलरचं पॅकेज मंजूर केलं. मागणी त्याने टिकली, पण डबे आणि चिप नोटा छापून वाढत नाहीत. शिवाय 2022 मध्ये युक्रेन युद्धाने इंधन आणि धान्य भडकलं, ते वेगळं मोजा.

तरीही ती मदत चुकीची होती असं मुलांना सांगू नका, ही विनंती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या हिशेबाने 2020 मध्ये जगभरात 8.8 टक्के कामाचे तास बुडाले, म्हणजे 25.5 कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढे. ज्या देशांच्या तिजोरीत वाटायला काही नव्हतं, तिथल्या रोजंदारीवरच्या माणसाची कमाईही गेली आणि पुढे ही महागाईही त्यालाच सोसावी लागली. विद्यार्थिनीला आधी हे दाखवा, मग आलेख काढायला द्या.