मदत हवी आहे: घरी गणितं सुटतात, पेपरात अडतात. सराव कसा बदलावा?

अबोली

मुलगी नववीत आहे. शिकवलेलं समजतं, पुस्तकातले सरावसंच स्वतःच सोडवते, उत्तरंही बरोबर येतात. पण चाचणीत गुण निम्म्याच्या आसपासच अडकतात. पेपर परत मिळाला की "हे तर मला येत होतं" हे ठरलेलं वाक्य! गणिताला ती भरपूर वेळ देते, त्यामुळे "अजून मेहनत कर" म्हणण्यात अर्थ नाही.

विचारायचं आहे ते असं:
१. सरावाची पद्धत बदलायची तर नेमकं काय बदलायचं?
२. चिन्हांच्या आणि आकडेमोडीच्या चुका कमी कशा करायच्या?
३. शेवटचे दोन प्रश्न नेहमी कोरे राहतात. वेळ कसा बसवायचा?

क्लास लावा, हा सल्ला कृपया नको.

शून्यलब्धी

अबोलीताई, पद्धत बदलायच्या आधी जुन्या दोन-तीन उत्तरपत्रिका काढा. जिथे जिथे गुण गेलेत, तिथे शेजारी एक अक्षर लिहा:

क – कल्पनाच कच्ची
स – रीत येते, पण सुचली नाही
ह – सुचली, पण हात चुकला
व – वेळ संपला

कुठलं अक्षर लावायचं हे अंदाजाने ठरवू नका. तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, पुन्हा सोडवायला द्या. काहीही न सांगता सुटला तर ह किंवा व. अडली तर फक्त धड्याचं नाव सांगा. तेवढ्यावर सुटला तर स. तरीही नाही सुटला तर क. मुलांना स्वतःच्या सगळ्याच चुका 'ह' वाटतात, म्हणून ही चाचणी गाळू नका.

चारही दुखण्यांना औषध वेगळं आहे. 'क' असेल तर धडा पुन्हा, सोप्या उदाहरणांपासून. 'ह' असेल तर ताळा घेण्याची सवय. 'स'वर मात्र सरावसंच कितीही वेळा सोडवले तरी उपयोग नाही. सरावसंचाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं की खालची समीकरणं अवयव पाडून सोडवा. रीत कोणती हा अर्धा प्रश्न तिथे पुस्तकानेच सोडवलेला असतो आणि पेपरात नेमका तोच तिच्या वाट्याला येतो. तुमचं वर्णन वाचून मला 'स' जास्त निघतील असं वाटतंय, पण आधी मोजा.

भूमितीवाली

शून्यलब्धींशी सहमत. 'स'साठी मिश्र सराव. याला संशोधनाचा आधार आहे. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाल्यांची ८९ टक्के बरोबर आली, मिश्रवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाले २० टक्क्यांवर आणि मिश्रवाले ६३ वर!

हे आकडे मुद्दाम देतेय, कारण मिश्र सराव सुरू केला की पहिल्या काही दिवसांत घरची उत्तरं जास्त चुकतात. तिथेच पालक घाबरून जुन्या पद्धतीवर परत जातात.

करायचं असं: झालेल्या प्रत्येक धड्यातून पाच-सहा उदाहरणं निवडायची, एका कार्डावर एकच. धड्याचं नाव, सरावसंचाचा क्रमांक, "अवयव पाडून" वगैरे सूचना काहीही लिहायचं नाही. गठ्ठा पिसायचा. रोज सहा कार्डं पूर्ण सोडवायची. शिवाय आठवड्यातून दोनदा 'पहिली ओळ'चा खेळ: दहा कार्डं, दहा मिनिटं, प्रत्येकाची फक्त रीत आणि पहिली ओळ लिहायची, पुढे सोडवायचं नाही. 'स' चुकांवर मला तरी याहून नेमका व्यायाम माहीत नाही.

टकाटक

मिश्र सराव चांगलाच, पण नवीन धड्यावर पहिल्या दिवसापासून नको. रीत हाताला बसेपर्यंत एकाच प्रकारची आठ-दहा उदाहरणं सलग सोडवावीच लागतात. त्यानंतर तो धडा गठ्ठ्यात टाकायचा.

आणि सोडवून दाखवलेलं उदाहरण नुसतं वाचणं हा अभ्यास नाही. वाचताना सगळंच पटतं. वाचायचं, झाकायचं, कोऱ्या कागदावर उतरवायचं. अडलं तर एकच ओळ उघडायची आणि पुन्हा झाकायचं. तेच उदाहरण दोन दिवसांनी, मग आठवड्याने, आकडे बदलून. लगेच पुन्हा सोडवलं तर ते डोळ्यासमोरच असतं, त्यात तपासण्यासारखं काही नसतं.

अबोली

सगळ्यांचे आभार. दोन उत्तरपत्रिका तपासल्या. खरंच 'स' सर्वांत जास्त निघाले. 'ह' म्हणून तिने लावलेल्यांपैकी तीन इथे देते:

(१) २क्ष² − ७क्ष + ३ = ०. सूत्र वापरलं, विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारं ब² − ४अक) −७३ आला, "वास्तव मुळे नाहीत" लिहिलं.
(२) क्ष² = ५क्ष. उत्तर क्ष = ५. निम्मे गुण.
(३) २४० किमी अंतर, वेग ताशी २० किमीने वाढवला तर १ तास कमी लागतो, मूळ वेग किती? तिचं समीकरण क्ष² + २०क्ष + ४८०० = ०. अवयव पडेनात म्हणून सोडून दिलं.

कच्चे_काम

तीनपैकी एकच 'ह' आहे.

(१) हो, हात चुकला. ब = −७, त्याचा वर्ग ४९. तिने −४९ धरलं, त्यातून २४ गेले, −७३. उपाय: सूत्र लिहिण्याआधी स्वतंत्र ओळीवर अ = २, ब = −७, क = ३ आणि सूत्रात किंमत घालताना ऋण संख्या कंसातच, (−७)². कॅल्क्युलेटरवरही कंस हवाच, कारण बहुतेक यंत्रं −७² ला −४९ म्हणतात. वर्ग ऋण आलाय हे दिसलं की तिथेच थांबायला हवं.

खरा विवेचक ४९ − २४ = २५, मुळे ३ आणि १/२. ताळा दहा सेकंदांचा: मुळांची बेरीज −ब/अ म्हणजे ७/२, गुणाकार क/अ म्हणजे ३/२. ३ + १/२ = ७/२, ३ × १/२ = ३/२. जमलं. अवयव पाडून सोडवत असेल तर क्ष = १ ठेवून बघायचं. मूळ राशी २ − ७ + ३ = −२, अवयव (१ − ३)(२ − १) = −२. कंसातलं चिन्ह चुकलं असेल तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

(२) हे 'क'. दोन्ही बाजूंना क्षने भागलं. क्ष शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून ० हे मूळ हरवलं. सगळं एका बाजूला आणायचं: क्ष² − ५क्ष = ०, क्ष(क्ष − ५) = ०, क्ष = ० किंवा ५. चलाने भागायचं नाही, अवयव म्हणून बाहेर काढायचं. याचं जुळं भावंड म्हणजे वर्ग करताना शिरणारं जादा मूळ. √(क्ष + ६) = क्ष, वर्ग केल्यावर ३ आणि −२. मूळ समीकरणात −२ ठेवलं तर √४ = −२ असं होतं, जे खोटं आहे. भागताना मूळ हरवतं, वर्ग करताना उपरं मूळ येतं.

(३) यात आकडेमोड बिचारी बरोबर आहे. मांडणी उलटी झालीये. तिने २४०/(क्ष + २०) − २४०/क्ष = १ असं लिहिलं असणार. वेग वाढला की वेळ कमी होतो, म्हणजे मोठी राशी २४०/क्ष, ती आधी यायला हवी. सोडवलं की क्ष² + २०क्ष − ४८०० = ०, (क्ष + ८०)(क्ष − ६०) = ०. वेग ऋण नसतो म्हणून −८० सोडायचं. हे कारण एका ओळीत लिहायचंच, नुसतं खोडायचं नाही. मूळ वेग ताशी ६० किमी. ताळा: २४०/६० = ४ तास, २४०/८० = ३ तास.

शाब्दिक उदाहरणात समीकरण मांडण्याआधी एक कुठलीही सोपी संख्या घालून बघायची सवय लावा. समजा वेग ४० धरला. आधी ६ तास, नंतर २४०/६० = ४ तास. फरक काढताना आपण आपोआप ६ − ४ करतो. तीच कृती ४० च्या जागी क्ष ठेवून लिहायची. फरक १ च्या जागी २ आला, हरकत नाही, आपल्याला उत्तर नको होतं, मांडणी हवी होती. आणि "समजा क्ष = मूळ वेग, किमी प्रतितास" ही ओळ एककासकट. ती नसली की शेवटी क्ष मिळतो आणि विचारलेलं भलतंच असतं.

अबोली

(२) आणि (३) ला आम्ही दोघी "निष्काळजीपणा" म्हणून मोकळ्या झालो होतो. चुकांची वही करावी का?

कच्चे_काम

करा, पण त्यात "चिन्ह चुकलं" असं लिहून काही होत नाही. डावीकडे चुकलेली नेमकी ओळ, उजवीकडे ती पकडणारा ताळा. पूर्ण गणित उतरवायचं नाही. दर आठवड्याला उजवी बाजू झाकून वाचायची.

कच्चं काम त्याच पानावर, उजवीकडे समास पाडून, ओळीला ओळ समोर. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात केलेला गुणाकार तपासायला सापडतच नाही.

लंबांतर

धाग्यात घुसतोय. भूमितीतल्या सिद्धता पाठ कराव्यात का? इथेही रीत सुचत नाही हीच तक्रार आहे.

भूमितीवाली

प्रमेयाचं विधान शब्दशः पाठ हवं. सिद्धतेतल्या ओळी पाठ करून चालत नाही, अक्षरं बदलली की डोलारा कोसळतो. आकृती मोठी काढा, किमान पाव पान. पक्षातली प्रत्येक गोष्ट आकृतीवर खुणेने दाखवा. मग साध्याकडून उलटं या: दोन रेषाखंड समान दाखवायचेत, ते कोणत्या दोन त्रिकोणांच्या बाजू आहेत? ते त्रिकोण एकरूप दाखवायला काय कमी पडतंय? पक्षात न वापरलेलं काही उरलंय का? उरलं असेल तर बहुधा वाट तिकडूनच जाते.

समरूपतेत शिरोबिंदूंचा क्रम सांभाळा. त्रिकोण अबक आणि त्रिकोण पफभ समरूप असं लिहिलं की अब/पफ = बक/फभ = अक/पभ हे आकृती न बघताही लिहिता येतं. क्रम चुकला की पुढची तिन्ही गुणोत्तरं चुकतात. आणि क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकं असतं हे ऐन वेळी फार जण विसरतात.

त्रिकोणमितीतल्या नित्यसमानता सिद्ध करताना एकच बाजू घेऊन दुसरीपर्यंत पोचायचं, काही सुचलं नाही तर सगळं साइन-कॉसमध्ये. दोन्ही बाजूंना गुणत सुटलं की जे सिद्ध करायचंय ते आधीच खरं धरल्यासारखं होतं.

टकाटक

वेळेचं राहिलं. ताई, पेपर किती गुणांचा?

अबोली

८० गुण, दोन तास.

टकाटक

१२० मिनिटांतली पाच वाचायला, दहा ताळ्याला. उरली १०५, म्हणजे गुणामागे साधारण १.३ मिनिटं. चार गुणांच्या प्रश्नाला सव्वापाच मिनिटं, तीनला चार. हे दोन आकडे तिच्या डोक्यात हवेत.

पहिल्या फेरीत जे वाचताक्षणी सुचतं तेच. चार गुणांच्या प्रश्नावर सहा-सात मिनिटं होऊनही पुढची ओळ दिसत नसेल तर जागा सोडून पुढे. अडलेला प्रश्न सोडताना सूत्र, मांडणी, आकृती जेवढं झालंय तेवढं स्वच्छ राहू द्यायचं. पायऱ्यांना गुण असतील तर ते मिळतात. कोऱ्या पानाला मात्र कोणी गुण देऊ शकत नाही. दुसरी ओळ लिहून होईपर्यंत पहिली खोडायची नाही.

कोरे राहिलेले शेवटचे दोन प्रश्न किती गुणांचे होते ते बघा. आठ-दहा गुण निघतील आणि बहुतेकदा ते आधीच्या एकाच प्रश्नावर घालवलेल्या दहा-बारा मिनिटांत गेलेले असतात.

घरी घड्याळ लावून पूर्ण पेपर परीक्षेआधी तीन-चार पुरे. रोज एक पेपर लावला तर तपासायला वेळ उरत नाही आणि सुधारणा तपासण्यातच होते.

शून्यलब्धी

शेवटच्या आठवड्यात नवीन उदाहरणसंग्रह उघडू नका. कार्डांतली चुकलेली तेवढी, चुकांची वही आणि सूत्रं न बघता लिहून काढणं. आदल्या रात्रीचं जागरण 'ह' चुका वाढवतं, त्या दिवशी लवकर झोप. कॅल्क्युलेटर चालत असेल तर तो अंश मापनावर आहे का तेही बघायचं. साइन ३० ला ०.५ यायला हवं. −०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे. मधल्या पायरीत पूर्णांकन करायचं नाही, आणि π ची किंमत प्रश्नात दिली असेल तीच घ्यायची. ७ त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २२/७ ने १५४ येतं, ३.१४ ने १५३.८६.

अबोली

कार्डं आजपासूनच लिहायला घेतो. मागच्या बाजूला पूर्ण रीत लिहायची की फक्त उत्तर?

भूमितीवाली

फक्त अंतिम उत्तर आणि पुस्तकाचा पान क्रमांक. पूर्ण रीत मागे असली की अडल्या अडल्या कार्ड उलटलं जातं. आणि कार्डं तिलाच लिहू द्या, निवडताना कोणतं उदाहरण कोणत्या प्रकारचं हे आपोआप बघितलं जातं. सलग तीनदा, वेगवेगळ्या दिवशी, बरोबर आलेलं कार्ड महिनाभर बाजूला ठेवायचं, म्हणजे गठ्ठा वाढत नाही.