मदत हवी आहे: पाऊल पडलं हे हाडाच्या पेशींना कळतं कसं?

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपी, ऑर्थो किंवा जीवशास्त्रातल्या जाणकारांची मदत हवी आहे. आईच्या (वय ६४) डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) खुब्याचा टी-स्कोअर उणे २.२ आला, म्हणजे हाड सामान्यापेक्षा विरळ झालंय. डॉक्टरांनी कॅल्शियम, डी-३ लिहून दिलं आणि हाडांवर वजन येईल असा व्यायाम करा म्हणाले. घरी आल्यावर आईचा प्रश्न: "अगं, पण हाडाला कसं कळतं मी चालतेय की बसलेय ते?" प्रश्न इतका रास्त होता की मी वाचायलाच बसले.

आतापर्यंत समजलंय ते असं. हाड बांधतात त्या ऑस्टिओब्लास्ट पेशी. त्यातल्या काही स्वतःच बांधलेल्या हाडात गाडल्या जातात आणि ऑस्टिओसाइट होतात. मोठ्या माणसाच्या हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी याच, आणि भार ओळखायचं मुख्य काम यांचं. त्यांचे बारीक तंतू द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नलिकांमधून एकमेकींपर्यंत पोचलेले असतात. पाऊल टेकलं की हाड किंचित वाकतं, नलिकांतला द्रव सरकतो आणि त्याची ओढ तंतूंना जाणवते. पेशीच्या आवरणात पिएझो-१ नावाचं प्रथिन असतं. ताण आला की त्याचं दार उघडतं आणि कॅल्शियम आत शिरतं. (आर्डेम पटापुटियन यांच्या गटाने ते २०१० मध्ये शोधलं, त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.) पुढे ऑस्टिओसाइट स्क्लेरोस्टिन कमी सोडतात. स्क्लेरोस्टिन म्हणजे ऑस्टिओब्लास्टवरचा ब्रेक. तो सैल झाला की नवं हाड बांधायला सुरुवात. अंथरुणाला खिळलेल्या माणसात आणि अंतराळात याच्या उलट होतं, अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घटतं.

आता जिथे अडलेय ते.

पहिलं, पेशीला गुरुत्वाकर्षण थेट जाणवतं का? वरच्या हिशोबाने तिला फक्त हाडाचं वाकणं आणि द्रवाची ओढ कळायला हवी. पण वजनरहित अवस्थेची नक्कल करायला सतत फिरत्या ठेवलेल्या उपकरणात सुट्या ऑस्टिओब्लास्ट वाढवल्या तरी त्यांचा आतला सांगाडा बदलतो म्हणे. तिथे वाकायला हाडच नाही! मग बदल कशामुळे? भोवतालच्या द्रवाची हालचाल बदलते म्हणून, की पेशीच्या आत काही आहे जे वजन ओळखतं? हे कोणीतरी नीट उलगडून सांगा, प्लीज. मला यात सगळ्यात जास्त रस आहे.

दुसरं, आमच्या घरचं. आम्ही लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो, लिफ्ट नव्हती. भाजी, गिरणी, देऊळ, आईचं दिवसभर वर-खाली चालायचं. रिडेव्हलपमेंट झाली, टॉवर आला आणि जिना सुटला. आता मी तिला रोज दोन मजले चढउतार करायला लावते. उतरताना ती कठड्याला धरून जराशी तिरकी होते आणि प्रत्येक पायरीवर उजवी टाच दणकन टेकते. हाडाला असा झटकाच हवा असतो, नुसता स्थिर भार चालत नाही, असं वाचलं. म्हणजे लोकलमध्ये बोरिवलीपर्यंत उभं राहून हाडांचं काही भलं होत नसणार. मग हा टाचेचा दणका फायद्याचा धरायचा का? तिचा गुडघा थोडा दुखतो, म्हणून विचारतेय.

तिसरं, पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावरचे जुने प्रयोग आहेत, त्यात दिवसाला ३६ वेळा भार दिला तेवढा पुरला, शेकडो वेळा देऊन जास्त हाड बनलं नाही. पेशी एकाच तालाला लवकर सरावतात आणि मध्ये विश्रांती मिळाली की पुन्हा दाद देतात, असं कारण देतात. हे माणसाला लागू असेल तर शिवाजी पार्कला सलग तासभर चालण्यापेक्षा सकाळ-दुपार-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं बरी का? मावशी पोहायला जा म्हणतेय, पण पाणीच वजन पेलतं, त्यामुळे हाडांसाठी मी ते धरत नाहीये.

औषधं, सप्लिमेंट सुचवू नका, ते डॉक्टर बघताहेत. वय साठच्या पुढे आणि गुडघेदुखी, अशा पेशंटना व्यायाम देणारं कोणी असेल तर दिवसाचं वेळापत्रक कसं आखता ते जरूर लिहा. रिपोर्ट बघायचा असेल तर व्यनि करा, पाठवते.