२००५ चं प्रश्नांसाठी पैसे प्रकरण: खासदारकी गेली, मग परत उभं राहता येतं का?

तापीकाठ:
आमच्या जिल्ह्याचे दोन खासदार त्यात होते, जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे एम. के. अण्णा पाटील, अण्णा तर वाजपेयींच्या सरकारात राज्यमंत्री होते. मी तेव्हा बारावीला. १२ डिसेंबरला टीव्हीवर, खासदार संसदेत प्रश्न विचारायला पैसे घेतायत असं छुप्या कॅमेऱ्याचं फुटेज लागलं आणि वडील न जेवता उठून गेले, त्यांनी दोघांचाही प्रचार केलेला. माझा प्रश्न असा की हकालपट्टी म्हणजे कायमचं अपात्र होणं का? आणि रक्कम एवढी छोटी असताना थेट घरी पाठवणं जास्त झालं का?

वकील_नाशिक:
नाही, दोन्ही वेगळं आहे. सभागृहाने काढलं तर फक्त ती जागा रिकामी होते, निवडणूक लढायला बंदी नाही. बंदी येते ती कोर्टात दोषी ठरल्यावर, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं. तेव्हा काढलेल्या ११ खासदारांतले बसपाचे राजाराम पाल कोर्टात गेले, जानेवारी २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हकालपट्टी योग्य ठरवली, आणि तेच पाल २००९ ला काँग्रेसकडून अकबरपूरहून परत निवडून आले.

सुनंदाताई:
रकमेचं म्हणाल तर पंधरा हजारापासून लाखभरापर्यंत होत्या, पण मला रक्कम बघून नाही, प्रश्न बघून वाईट वाटतं. पत्रकारांनी छोट्या उद्योजकांची एक खोटीच संघटना उभी केली आणि तिचे प्रश्न विचारायला यांनी पैसे घेतले, अहो आमच्या केळीच्या विम्याचा प्रश्न लागावा म्हणून आम्ही किती अर्ज केले असतील! तो प्रश्न विचारायचा हक्क मतदाराचा असतो, विकायला यांचा नव्हताच.

जुनी_कात्रणं:
हे पहिल्यांदा नव्हतं बरं का. १९५१ ला हंगामी संसदेत (पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीची) एच. जी. मुद्गल यांनी बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून, म्हणजे आपल्या मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांकडून, पैसे घेऊन सभागृहात त्यांचं काम केल्याचं निघालं. ते काँग्रेसचेच, तरी चौकशी समितीचा ठराव नेहरूंनी स्वतः आणला. काढून टाकायच्या ठरावावर मतदान व्हायच्या आधीच मुद्गलांनी राजीनामा दिला, तरी सभागृहाने ते हकालपट्टीलाच पात्र होते असं नोंदवून ठेवलं. उलट २००५ ला भाजपने सभात्याग केला, अडवाणींना शिक्षा फार कडक वाटली होती. मला नाही वाटत. सोमनाथ चॅटर्जी लोकसभेचे अध्यक्ष होते, अकरा दिवसांत, २३ डिसेंबरला, दोन्ही सभागृहांनी निकाल लावला, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १.

तापीकाठ:
धन्यवाद सगळ्यांना. पोटनिवडणुकीत जळगाव भाजपने राखलं आणि एरंडोल राष्ट्रवादीकडे गेलं हे आठवतं, वडिलांनी त्या वेळी मत दिलं पण प्रचाराला गेले नाहीत, नंतरही कधीच नाही. सुनंदाताई, तुमचं उत्तर आज त्यांना वाचून दाखवतो.