मर्म बॉक्स, म्हणजे गोळीची आठवण करून देणारा आणि झाकण उघडल्याची नोंद पाठवणारा डबा, फुकट मिळतो, तरी टीबीचे पेशंट तो परत का करतात?

शिस्तप्रिय: वेळ झाली की वाजतो, हिरवा दिवा लागतो. औषध संपत आलं की पिवळा, बॅटरी उतरली की लाल. आणखी काय पाहिजे? नको म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

चाळकरी: आळस? दहा बाय बाराच्या खोलीत सकाळी आठला डबा वाजला की भिंतीपलीकडच्यांनाही कळतं. सुनेच्या माहेरी टीबीचं सांगितलेलं नसतं. मग डबा गोधडीत गुंडाळून ट्रंकेत जातो. वाजायची वेळ पेशंटला विचारून लावायची असते, पण सगळ्यांना आठच लावून मोकळे!

शिस्तप्रिय: मग ९९डॉट्स घ्या. गोळी काढली की पाकिटात लपलेला नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. आवाज नाही, काही नाही.

पट्टी_मोजणारा: आणि फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर! शेजारणीच्या फोनवरून केलेला कॉल पेशंटच्या नावावर चढत नाही. नोंदणी करताना घरातले दोन-तीन नंबर टाकले तर निम्मी भांडणं मिटतात. घाईत एकच टाकतात. बाई गोळ्या नेमाने घेते आणि नोंदीत चुकार ठरते.

औषधवाला: उलटंही होतं. कॉल येतो, गोळी मोरीत. डबासुद्धा उघडल्याचं सांगतो, गिळल्याचं नाही. शंका आली तर लघवी बघा, टीबीच्या गोळीतलं रिफाम्पिसिन हे औषध पोटात गेलं की काही तासांत नारिंगी होते. त्याला बॅटरी लागत नाही.

चाळकरी: गणपतीचं कोण बोलणार? साठ किलोचा माणूस, रोज ४ गोळ्या. पाच दिवस कोकणात जाताना २० गोळ्या खिशात, डबा मुंबईत. पाच दिवस झाकण उघडलं नाही म्हणून फोनवर फोन. निघण्याआधी टीबीच्या सुपरवायझरला सांगून ठेवलं तर निक्षयमध्ये, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, हाताने नोंद करता येते. हे डबा देतानाच सांगायला नको?

शिस्तप्रिय: विषय गणपतीचा नाही.

चाळकरी: विषय विसरण्याचाही नाही! उपाशीपोटी ४ गोळ्या घेतल्या की मळमळतं, म्हणून टाळतात. हलकं खाऊन घ्या म्हणून डॉक्टरांनी सांगितलं की बरेचसे सुधारतात. नाव मर्म, पण मर्म कळलंय कुणाला?

औषधवाला: पिवळे डोळे, उलट्या थांबेनात, तर खाऊन घ्या म्हणत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना. यकृताचं प्रकरण आहे.

शिस्तप्रिय: बरं बाबा, आळस शब्द मागे. आता रोज दारात जाऊन समोर गोळी द्यायला माणसं तुम्हीच आणा.

चाळकरी: आशाताईंचा थकलेला मोबदला आधी द्या, मग बोलू.