यूव्ही बॅटरी आणली, पोरांना काय काय दाखवू?

औशाचा_मास्तर: सहावी-सातवीला शिकवतो. ३९५ नॅनोमीटर तरंगलांबीची यूव्ही, म्हणजे अतिनील उजेडाची, बॅटरी मागवली. नोटेवर मारून झाली, नंबर चमकले, पोरं खूश. आता पुढं? प्रयोगशाळा म्हणाल तर एक कपाट हाय, त्याची किल्ली सापडंना. घरच्या सामानात होईल ते सांगा.

परभणीकर: सर, हळद. चिमूटभर सॅनिटायझरात हलवा, गाळ बसू द्या. वरच्या पिवळ्या पाण्यावर बॅटरी मारली की हिरवट-पिवळं झळकतं. त्यातलेच चार थेंब साध्या पाण्यात टाका, चमक जवळपास जाते. आमच्याकडं वसमतची हळद असते, पण कोणतीही चालते, उगं भाव खात नाही.

बीडची_ताई: हळद ठीक, खरी गंमत पालकात. पानं वाटून सॅनिटायझरात अर्धा तास ठेवा, रुमालातून गाळा. दिसायला हिरवंगार, बॅटरी मारली की रक्तासारखं लाल! माझ्या पुतण्यानं ग्लासच सोडला हातातून. जित्या पानात हरितद्रव्यानं घेतलेला बराचसा उजेड अन्न तयार करण्यात खपतो. वाटून काढल्यावर तो खपवायला कुणी उरत नाही, मग थोडा लाल होऊन बाहेर पडतो. फक्त गॅसजवळ नको, पेट घेतं.

गोदाकाठ: गावरान अंडं बघा, तपकिरी टरफल लालसर दिसतं. लातुरात टॉनिक वॉटर (कडसर सोडा) मिळालं तर ते निळं चमकतं, त्यातल्या क्विनाइन या कडू औषधी द्रव्यामुळं. त्यात मीठ टाकलं की मंदावतं. स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञानं १८५२ साली क्विनाइनवरच काम करून ही चमक समजावली होती.

किल्लारीचा_पोरगा: विंचू राहिला की! पहिल्या पावसानंतर रात्री बांधावर मारा बॅटरी, हिरवा-निळा चमकतो.

बीडची_ताई: सर, याचं ऐकू नका. लेकरं घेऊन बांधावर जायचं नाही.

किल्लारीचा_पोरगा: बरं ताई. पण बाटलीतला मेलेला पण चमकतो.

परभणीकर: डोळ्यांवर मारू देऊ नका. अन् पाण्याच्या फिल्टरातली ट्यूब तर बिलकूल नको, ती यूव्ही-सी, डोळे-कातडी भाजते. पुढच्या वेळी ३६५ वाली घ्या, ३९५ चा जांभळा उजेडच निम्मी चमक झाकतो.

औशाचा_मास्तर: पालक केला. सॅनिटायझर जेलवालं निघालं, नुसता लगदा झाला. मेडिकलमधून स्पिरिट आणलं, मग आलं लाल. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मेथी पण वाटू का?"